कैरीचं पन्हं: कैऱ्या मोजू नका, गर मोजा

‘चार कैऱ्यांना दोन वाट्या साखर’ असं पन्ह्याचं प्रमाण कुणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो, कैऱ्या केवढ्या? राजापुरीच्या चार कैऱ्या पिशवीला ओझं होतात आणि दारच्या रायवळ झाडाच्या चार कैऱ्या एका ओंजळीत मावतात. दोन्हीकडे साखर दोनच वाट्या घातली तर एका घरी दात आंबतात आणि दुसऱ्या घरी साखरेचा पाक होतो. मग दुरुस्ती सुरू होते. थोडी साखर, थोडं पाणी, पुन्हा थोडी साखर. शेवटी पातेलं काठोकाठ भरतं, पण पन्ह्याला कैरीची चव काही येत नाही.

पन्हं पाणी ओतताना बिघडतं असं वाटतं, पण खरी चूक त्याच्या बरीच आधी होऊन गेलेली असते. साखर कैऱ्यांच्या संख्येवर ठरत नाही. ती शिजवून काढलेल्या गरावर आणि त्या गराच्या आंबटपणावर ठरते. म्हणून खालचा क्रम बदलू नका, विशेषतः पाचवी पायरी गाळू नका.

## आधी काय काय काढून ठेवायचं

या लेखातली वाटी म्हणजे आमटीची, साधारण १५० मिलिलिटरची. तुमची वाटी लहान-मोठी असली तरी चालेल, फक्त गर ज्या वाटीने मोजाल त्याच वाटीने साखरही मोजा. चमचा म्हणजे चहाचा, सपाट भरलेला.

- कैऱ्या अर्धा किलो
- साखर किंवा गूळ: नेमका किती ते गर निघाल्यावर ठरेल, घरात अर्धा किलो असू द्या
- साधं मीठ
- वेलची ५-६ आणि केशराच्या १०-१२ काड्या, किंवा भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि पादेलोण
- कुकर आणि त्यात बसणारा स्टीलचा डबा, वर ठेवायला ताटली
- पुरणयंत्र किंवा पुरणाची चाळणी
- कोरडी, झाकणाची काचेची बरणी

अर्धा किलो कैऱ्यांतून साधारण पावणेदोन वाट्या गर निघतो आणि त्याचे मध्यम आकाराचे पंधराएक पेले होतात. कैरीची साल जाड किंवा कोय मोठी असेल तर गर कमी पडेल. त्याची काळजी नको, आपण कैऱ्या मोजणारच नाही आहोत.

सावधान: ॲल्युमिनियमचं पातेलं आणि कल्हई उडालेलं पितळ या दोन्हींपासून कैरी लांब ठेवा. एका वर्षी हौसेने मी माळ्यावरचं पितळी पातेलं काढलं. आत कल्हई आहे असं वाटलं, पण ती तळाशी पार झिजली होती. गर रात्रभर त्यात राहिला. सकाळी कडेने हिरवट रेघ आणि चमचाभर चाखल्यावर जिभेवर धातूची चव. पन्हं कळकलं होतं. सगळा गर टाकून द्यावा लागला. स्टील, काच किंवा चिनी माती, एवढंच वापरा.

## पायरी १: कैरी निवडणं

कडक, गर्द हिरवी, देठाला ताजी दिसणारी कैरी घ्या. हातात घेतल्यावर ती आकाराच्या मानाने जड लागली पाहिजे. सगळ्या कैऱ्या शक्यतो एका जातीच्या आणि एका मापाच्या असू द्या. लिंबाएवढी आणि नारळाएवढी कैरी एकाच डब्यात घातली तर लहान फुटून लगदा होते आणि मोठी कोयीजवळ कच्ची राहते.

हंगामाच्या अगदी सुरुवातीला येणारी कोवळी कैरी पन्ह्याला नको. तिची कोय अजून मऊ असते, सुरी आरपार जाते. चटणीला, तक्कूला ती उत्तम, पण शिजल्यावर तिचा गर थोडा निघतो आणि तुरट लागतो. कोय धरलेली, म्हणजे कापताना सुरीला अडवणारी कैरी हवी. चैत्राच्या मध्यापासून अशी कैरी सहज मिळते.

उलट टोकाला पाडाची कैरी. बाहेरून हिरवी, आत पिवळसर. तिचं पन्हं रंगाला फार देखणं होतं आणि आंब्याचा वासही लागतो, पण आंबटपणा निम्म्यावर आलेला असतो. ती वापरायला हरकत नाही, साखर मात्र बरीच कमी लागेल. तोतापुरीचंही तसंच. पोपटाच्या चोचीसारखं टोक असलेली ही कैरी तिखटमीठ लावून खायला छान, गरही गुळगुळीत निघतो, पण आंबटपणा बेताचा. मला पन्ह्याला गावठी रायवळच आवडते. तिचे धागे त्रास देतात, पण चव तिची.

मंडईत लोणच्यासाठी कैऱ्या फोडून देणारे असतात, त्यांच्याकडून कैऱ्या घेतल्यात तर एक फोड चाखायला मागा. अर्धा किलोसाठी संकोच वाटतो हे खरं, पण पाच किलो घेणार असाल तर मागाच.

वळवाच्या वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या चालतात. त्या त्याच दिवशी वापरायच्या आणि मार लागलेला तपकिरी भाग सुरीने खोल कापून टाकायचा. तो भाग शिजला की सगळ्या गराला कुबट वास लागतो आणि पुढे कितीही वेलची घातली तरी तो लपत नाही.

## पायरी २: चीक घालवणं

पन्हं प्यायल्यावर घसा खवखवला तर लोक बर्फाला दोष देतात. बऱ्याचदा दोष चिकाचा असतो. देठ मोडला की तिथून पातळ, चिकट, उग्र वासाचा चीक येतो आणि तो सालीवर पसरतो. पुढे तीच साल गरासकट शिजते.

देठाकडचा भाग अर्धा सेंटिमीटर कापून टाका. कैऱ्या देठाची बाजू खाली करून जाळीवर किंवा ताटात दहा मिनिटं ठेवा, म्हणजे चीक गळून जाईल. मग भरपूर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. ते पाणी ओतून द्या आणि वाहत्या पाण्याखाली प्रत्येक कैरी तळहाताने चोळून धुवा. देठाच्या खळग्यात बोट घालून धुवा, चीक तिथेच चिकटून राहतो.

सावधान: चिकाचा हात तोंडाला, डोळ्याला लावू नका. नाजूक कातडीवर तो भाजल्यासारखा डाग पाडतो. कैऱ्या हाताळून झाल्यावर साबणाने हात धुवा, लहान मुलांचे तर नक्कीच.

तपासा: धुतलेली कैरी बोटांना चिकट लागता कामा नये. लागली तर पुन्हा धुवा.

## पायरी ३: शिजवणं

सगळ्यात जास्त चव वाया जाते ती या टप्प्यावर. कैऱ्या पातेलंभर पाण्यात टाकून खळखळून उकळतात, साली तडकतात, आंबटपणा पाण्यात उतरतो आणि ते पाणी सरळ मोरीत जातं. हातात राहतो तो मिळमिळीत चोथा. मीही सुरुवातीला हेच करायचे आणि वर ‘यंदा कैऱ्याच आंबट नाहीत’ असं म्हणायचे.

कैरी पाण्यात शिजवू नका, वाफेवर शिजवा:

1. कुकरच्या तळाशी नेहमीसारखं पेला-दीड पेला पाणी घाला.
2. धुतलेल्या अख्ख्या कैऱ्या सालीसकट स्टीलच्या डब्यात ठेवा. डब्यात पाण्याचा थेंबही नको.
3. डब्यावर ताटली ठेवा. नाहीतर झाकणावरची वाफ थेंब थेंब डब्यात पडत राहते.
4. मध्यम आचेवर तीन शिट्ट्या काढा. कैऱ्या लिंबाएवढ्या असतील तर दोन पुरतात, राजापुरीसारख्या मोठ्या असतील तर चौथी लागते.
5. गॅस बंद करा आणि कुकर आपोआप उतरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढली तर आत कैऱ्या फुटतात आणि गर डब्याबाहेर उडतो.

वरण-भाताबरोबर तिसऱ्या डब्यात कैऱ्या लावल्या तरी चालतं. फक्त तो डबा सगळ्यात वर ठेवा. कैरी फुटलीच तर वरण आंबट व्हायला नको.

कुकर उघडल्यावर डब्याच्या तळाशी दोन-चार चमचे पाणी सुटलेलं दिसेल. ते फेकू नका. तो कैरीचाच रस आहे, गरात मिसळायचा.

तपासा: सुरीचं टोक कैरीत खुपसा. ते कोयीपर्यंत लोण्यात गेल्यासारखं जायला हवं. कैरीचा हिरवा रंग उतरून खाकी-पिवळा झालेला असेल. कोयीजवळ अडलं तर अजून एक शिट्टी. अर्धकच्च्या कैरीचा गर चाळणीतून उतरत नाही आणि पन्ह्याला कच्चट वास येतो.

चूल किंवा निखारे असतील तर कैरी भाजूनही घेता येते. साल काळी पडून सुटेपर्यंत, मधून मधून फिरवत. त्या पन्ह्याला धुराचा वास येतो, त्याच्याबरोबर गूळ आणि जिरं शोभतं. गॅसच्या थेट ज्योतीवर मात्र कैरी बाहेरून जळते आणि आत कच्ची राहते. करायचंच तर जाळी ठेवून, मंद आचेवर, पंधरा-वीस मिनिटं हातात चिमटा धरून उभं राहायची तयारी हवी.

## पायरी ४: गर काढणं

कैऱ्या हाताला सोसतील एवढ्या निवू द्या. पार थंडगार करू नका, कोमट असताना गर सालीवरून चटकन सुटतो.

एक कैरी ताटात घ्या. देठाच्या बाजूने साल दोन बोटांत धरून खाली ओढा, ती ओल्या कागदासारखी निघून येते. सालीच्या आतल्या बाजूला गराचा जाड थर चिकटलेला असतो. साल ताटावर पसरून चमच्याच्या पाठीने तो खरवडून घ्या. सालीलगतचा गर सगळ्यात दाट असतो आणि बरेच लोक तोच सालीबरोबर टाकून देतात. मग उरलेला गोळा मुठीत धरून हलकेच दाबा. गर बोटांच्या फटीतून उतरेल आणि हातात कोय राहील, केसाळ, गराने माखलेली. तीही लगेच टाकायची नाही. सगळ्या कोयी एका वाडग्यात जमवा, त्यांच्यावर डब्यात सुटलेला रस घाला आणि चोळून घ्या. उतरलेला गर मुख्य गरात घाला.

आता गर गुळगुळीत करायचा. इथे बहुतेकांचा हात मिक्सरकडे जातो. तोतापुरीसारख्या कमी धाग्यांच्या कैरीला तो चालतो, तोही दोन-तीन झटके. रायवळ कैरी मिक्सरमध्ये गरगर फिरवली की धागे तुटून बारीक होतात, चाळणीतूनही निसटतात आणि पन्हं पिताना घशाशी येतात. शिवाय फेस होतो तो वेगळाच. त्यापेक्षा पुरणयंत्र काढा. होळीनंतर ते वर ठेवलेलंच असतं. बारीक जाळी लावून गर फिरवा, धागे वर राहतील आणि मऊ गर खाली. पुरणयंत्र नसेल तर पुरणाच्या चाळणीवर वाटीच्या बुडाने घासून घ्या. चहाची गाळणी घेऊ नका, एका मिनिटात भरते आणि तुमचा धीर संपतो.

तपासा: चमचाभर गर दोन बोटांत चोळून पाहा. धागा किंवा कण लागला तर पुन्हा चाळा. साखर घातल्यावर गाळायला गेलात तर चिकटपणामुळे दुप्पट वेळ लागतो.

## पायरी ५: मोजणं आणि चाखणी

गर वाटीने मोजा आणि कुठेतरी लिहून ठेवा. ‘एक वाटी आणि वर थोडा’ असं नको. पावणेदोन वाट्या, सव्वा वाटी, जे असेल ते.

साखरेचं सुरुवातीचं प्रमाण एक वाटी गराला दीड वाटी साखर. मध्यम आंबट कैरीला ते बरोबर बसतं. तोतापुरी किंवा पाडाची कैरी एक ते सव्वा वाटीत भागते, आंबटढोण रायवळीला दोन वाट्याही लागतात. पण तुमची कैरी यांतली कोणती, हे नुसता गर चाटून कळत नाही. नुसता गर आंबटच लागणार. तो पाण्यात किती आंबट लागतो ते पाहायला हवं. म्हणून सगळी साखर घालण्याआधी लहान वाटीत चाखणी करा:

- गर १ चमचा
- साखर दीड चमचा
- पाणी ९ चमचे
- मीठ दोन कण, खरंच दोन-चार कणच

साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा आणि प्या. नुसतं जिभेला लावू नका, घोट घ्या. आंबट वाटलं तर अर्धा चमचा साखर वाढवा, म्हणजे प्रमाण एकास दोन झालं. गोड वाटलं तर दुसरी वाटी करा, एक चमचा गराला एकच चमचा साखर घालून. जी चाखणी आवडली, तेच प्रमाण सगळ्या गराला लावा. पावणेदोन वाट्या गर आणि दीडपट साखर म्हणजे दोन वाट्या आणि वर पाऊण वाटीला थोडी कमी.

सावधान: चाखणी साध्या पाण्यात केली असेल आणि पन्हं बर्फ घालून देणार असाल, तर चाखणी किंचित गोड वाटली पाहिजे. थंडगार पेयात गोडी कमी जाणवते आणि बर्फ वितळून पाणीही वाढतं.

चाखणीला पाच मिनिटं लागतात. लोक ती टाळतात आणि मग पातेल्यात अर्धा तास दुरुस्ती करत बसतात.

## पायरी ६: साखर किंवा गूळ मिसळणं

साखर असेल तर ती कोमट गरातच घाला आणि झाकून ठेवा. दर दहा मिनिटांनी ढवळा. अर्ध्या-पाऊण तासात ती आपोआप विरघळते आणि मिश्रण आधीपेक्षा सैल होतं. हे पाहून नवखी माणसं घाबरतात, पण ते तसंच व्हायचं असतं. घाई असेल तर रवीने घुसळा. गॅसवर ठेवायची गरज नाही. ठेवलात तर साखर विरघळेपर्यंतच, मंद आचेवर. उकळत बसलात तर मुरांबा होईल, आणि पन्ह्यात मुरांब्याची चव नको असते.

गुळाचं थोडं निराळं आहे. गूळ किसून वाटीत दाबून भरा. भुसभुशीत भरलेल्या वाटीत निम्मी हवा असते आणि प्रमाण तिथेच चुकतं. गुळात बारीक कचरा, कधी वाळूही असते, म्हणून तो थेट गरात घालू नका. दोन वाट्या गुळाला पाव वाटी पाणी घालून मंद आचेवर नुसता विरघळू द्या, बारीक गाळणीने गाळा, कोमट झाला की गरात मिसळा. फार पिवळाधमक गूळ दिसायला छान दिसतो, पण मी काळपट चिक्कण गूळ घेते. त्याची चव भरीव असते. पन्ह्याचा रंग मातकट होतो, तेवढं सोसायचं. चाखणीही त्याच गुळाने करा, साखरेने नको. दोघांची गोडी सारखी नसते.

तपासा: पातेल्याच्या तळाला चमचा घासा. करकर आवाज आला तर साखर राहिली आहे. ती आज तळाशी बसेल आणि उद्याच्या पेल्यात पाक होऊन येईल.

## पायरी ७: मीठ आणि सुवास

मिठाशिवाय पन्हं अपुरं लागतं. एक वाटी गराला पाव चमचा मीठ घाला. पन्हं खारट लागायला नको, पण मीठ विसरलं तर लगेच कळतं. गोड आणि आंबट वेगवेगळे लागतात, एकजीव होत नाहीत.

वेलचीची पूड मिश्रण पूर्ण थंड झाल्यावर घाला. गरम गरात घातलेल्या वेलचीचा वास स्वयंपाकघरभर पसरतो, पेल्यात काही उरत नाही. केशर चमचाभर कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून, जरा चुरडून घाला.

साखरेचं पन्हं असेल तर वेलची-केशर. गुळाचं किंवा भाजक्या कैरीचं असेल तर जिरं-पादेलोण. दोन्ही एकत्र घालू नका, एवढं माझं ऐका. वेलची आणि पादेलोण एका पेल्यात आले की दोघांचाही वास बिघडतो. पादेलोण घालणार असाल तर साधं मीठ निम्मं करा.

इथवर जे तयार झालं त्याला आमच्याकडे पन्ह्याचा गोळा म्हणतात, जरी तो गोळा नसून दाट पाक असतो.

## पायरी ८: पेल्यात

एक भाग गोळ्याला पाच भाग पाणी. मध्यम पेल्यात सहा चमचे गोळा, म्हणजे साधारण ३० मिलिलिटर, आणि १५० मिलिलिटर पाणी. बर्फ घालणार असाल तर चारच भाग पाणी घ्या, उरलेलं बर्फ भरून काढेल.

क्रम असा: आधी गोळा, मग थोडं पाणी, नीट ढवळणं, मग उरलेलं पाणी, शेवटी बर्फ. सगळं पाणी एकदम ओतलं तर गोळा तळाशी गुठळी होऊन बसतो. बर्फ आधी टाकला तर गोळा थंडीने घट्ट होतो आणि चमचा फिरत नाही.

पाणी माठातलं असेल तर बर्फाची गरज पडत नाही. पन्हं दात शिरशिरतील एवढं थंड असलं की कैरीची चवच कळत नाही. बर्फ घरचा, पिण्याच्या पाण्याचा घ्या. बाहेरून आणलेल्या लादीचा पन्ह्यात नको, त्यावर जग किंवा बाटली ठेवायला तो ठीक.

पेला थोडा वेळ ठेवला की गर खाली बसतो आणि वर पातळ पाणी दिसतं. पन्हं बिघडलेलं नाही. ढवळून द्या. पातेल्यातून वाढताना प्रत्येक वेळी डाव तळापर्यंत घाला, नाहीतर पहिल्यांना पाणी मिळतं आणि शेवटच्यांना चटणी.

सावधान: अशा एका पेल्यात साधारण चार ते पाच चमचे साखर जाते. मधुमेह असलेल्यांना देताना हे सांगून द्या. आणि उन्हातून आलेल्या दमलेल्या माणसाला पन्हं जरूर द्या, पण कुणी बरळत असेल, अंग चटका बसेल इतकं तापलं असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर तोंडात काहीही ओतू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. तो उष्माघात असू शकतो.

## ठेवायचं कसं

पाणी घातलेलं पन्हं त्याच दिवशी संपवा. ठेवायचा तो गोळा, पाणी न घालता.

बरणी धुऊन उन्हात पूर्ण कोरडी करा. गोळा थंड झाल्यावरच भरा. गरम भरून झाकण लावलं की आत वाफेचं पाणी होतं आणि वरच्या थराला बुरशी धरते. काढताना दर वेळी कोरडा चमचा. मुलं पन्हं करून घेतात आणि ओला चमचा बरणीत घालतात, म्हणून मी दोन लहान बरण्या भरते, एक रोजच्या वापराची आणि एक मागे ठेवायची. फ्रीजमध्ये आठ-दहा दिवस गोळा चांगला राहतो. हंगाम संपल्यावरही पन्हं हवं असेल तर साखर न घालता नुसता गर वाटी-वाटीच्या पिशव्या करून फ्रीझरमध्ये ठेवा. पिशवीवर किती वाट्या ते लिहा. साखर घालायच्या वेळी पुन्हा चाखणी करून घाला.

परदेशातल्या मैत्रिणींना कैरीच्या गोठवलेल्या फोडी मिळतात. त्या सोललेल्या असतात, तेव्हा दुसरी पायरी गाळा, डब्यात झाकून एकच शिट्टी काढा आणि सुटलेला सगळा रस वापरा. बाकी तेच.

## चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्नास पेले

अशा वेळी अंदाजपंचे काम करू नका. लहान पेला १२० मिलिलिटरचा धरला तर पन्नास पेल्यांना सहा लिटर पन्हं लागतं:

- कैऱ्या एक किलो शंभर ग्रॅम (गर साधारण पावणेचार वाट्या)
- साखर पाऊण किलो, चाखणीनुसार थोडी कमी-जास्त
- मीठ एक चमचा
- वेलची १५-१६
- पाणी पाच लिटर

गोळा आदल्या दिवशी करून ठेवा. कैऱ्या कुकरला दोन खेपांत लावा, डबा कोंबून भरू नका. पाणी घालायचं ते बायका यायच्या अर्धा तास आधी, आणि तेही आधी चारच लिटर. पाचवा लिटर जगमध्ये बाजूला ठेवा, चाखून घाला. घातलेलं पाणी परत काढता येत नाही.

बरोबर आंब्याची डाळ असेल तर पन्हं नेहमीपेक्षा जरा गोडाकडे झुकतं ठेवा. डाळीतही कैरी असते, त्या आंबटावर पन्हं जास्तच आंबट लागतं.

## तरी बिघडलंच तर

फार आंबट झालं: पातेल्यात कोरडी साखर टाकून ढवळत बसू नका, थंड पाण्यात ती विरघळायला वेळ लागतो आणि तोवर तुम्ही जास्त टाकून बसता. दोन डाव पन्हं बाजूला काढून किंचित गरम करा, साखर त्यात विरघळवा आणि मग थोडं थोडं परत मिसळा.

फार गोड झालं: पाणी वाढवू नका, पन्हं पाणचट होईल. गर शिल्लक असेल तर तो घाला. म्हणून साखर मिसळण्याआधी दोन चमचे गर नेहमी बाजूला ठेवते मी. तोही नसेल तर लिंबू पिळा. चव थोडी बदलेल, पण प्यायला होईल.

पाणचट झालं: गोळा शिल्लक असेल तर तोच उपाय. नसेल तर मीठ चिमूटभर वाढवून पाहा, कधी कधी तेवढ्याने चव उचलते.

तुरट-कडवट लागतं: कैरी कोवळी होती, नाहीतर साली गरासकट मिक्सरमध्ये फिरवल्या. याला उपाय नाही. गूळ, तिखट आणि फोडणी घालून त्या गराची आंबटगोड चटणी करा.

गोळ्यावर बुडबुडे आले, झाकण उघडताना फस्स झालं, आंबूस दारूसारखा वास आला: गोळा आंबला आहे. उकळून परत वापरायचा मोह होतो, विशेषतः सव्वा किलोचा असेल तर. टाकून द्या, आणि बरणी उकळत्या पाण्याने धुऊन दोन दिवस उन्हात ठेवल्याशिवाय तिच्यात दुसरं काही भरू नका.